अप्पांची फियाट विकली

गेल्या महिन्यात आमची १९८८ची प्रीमियर पद्मिनी विकली. पांढरी, गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग. आरसी बुकावर काही का असेना, घरात ती कायम फियाटच.

चांगली ठेवलेली जुनी गाडी विकणं भंगार विकण्यापेक्षा अवघड असतं. बाजाराला दोनच गोष्टी कळतात, वजनावर घ्यायचा पत्रा किंवा लग्नाच्या हॉलबाहेर फुलं लावून उभी करायची वस्तू. सांगलीच्या विश्रामबागेतून मंडईला भाजी आणायला जाणारी गाडी यातल्या कशातच बसत नाही. एकाने फोनवर विचारलं, "व्हिंटेज आहे ना?" २०२१च्या केंद्राच्या नियमाने व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी. आमची अजून चाळिशीलाही पोचली नव्हती. दुसऱ्याला ती हॉटेलच्या दारात ठेवायची होती. म्हणाला, "ताई, इंजिन तुम्हीच काढून ठेवा, तेवढा भाव कमी करा." १०८९ सीसीचं, पहिल्या चावीला सुरू होणारं इंजिन काढून मी काय माळ्यावर टाकू?

अप्पा म्हणजे माझे सासरे. गाडी धुण्यात त्यांना फारसा रस नव्हता, त्यांचा जीव होता तो खालच्या बाजूवर. पावसाळ्याआधी मॅट काढून फ्लोअर उन्हात सुकवायचे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती खराट्याच्या काडीने साफ करायचे. भोकं बुजली की पाणी दारात साठतं आणि पत्रा आतून सडतो, बाहेर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. किंगपिनला (पुढची चाकं वळतात ती खीळ) ग्रीस, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तेल, सगळं वहीत तारखेसकट. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर सुटे भाग आरामात मिळायचे. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, पण अप्पांनी त्याआधीच दोन क्लच प्लेट आणि कार्बोरेटरचं किट घेऊन ठेवलं होतं. घरी सगळे हसलो होतो. सौद्यात त्याच खोक्याने भाव राखला.

घेणारा इचलकरंजीचा, यंत्रमागाचे पार्ट बनवणारा तरुण. आल्या आल्या त्याने बॉनेटवर हात ठेवला. मी गाडी आधीच सुरू करून गरम ठेवलीय का, ते बघायला. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढलं आणि चारही दारांवरून सावकाश फिरवलं. पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही. मागच्या डाव्या बाजूला ते निसटलं. "काकू, इथे?" म्हटलं, नणंदेने फाटकाला घासली होती, बिल फायलीत आहे. मग त्याने पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरला, तो अर्ध्या तासाने निघाला. इतका कसून बघणारा माणूस आला याचं मला बरंच वाटलं. जो काहीच बघत नाही तो पुढे गाडीकडेही बघणार नाही.

कागदांचं मात्र आधी उरकून ठेवा. गाडी अप्पांच्या नावावर होती. ते गेल्यावर फॉर्म ३१ भरून आणि नणंदेचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडून ती नवऱ्याच्या नावावर करून घेतली होती, म्हणून अडलं नाही. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी पासिंग. २०२३ला केलं तेव्हा नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झालेली होती, वर पर्यावरण कर. विकताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. "नाव नंतर चढवतो" असं कोणी गोड बोलला तरी ऐकू नका. रजिस्टरला नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात पडू शकते, हे २०१८ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. आम्ही ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, आणि आरटीओत नाव बदलेपर्यंत मी त्या मुलाला दर सोमवारी फोन करत होते. कंटाळला असेल, कंटाळू दे.

भाव सांगत नाही, भाऊबंद हे वाचतात. भंगारवाल्यापेक्षा पुष्कळ जास्त, हॉटेलवाल्यापेक्षा थोडा कमी.

त्याला अप्पांची वहीपण हवी होती. झेरॉक्स काढून दिली. जरा हिरमुसला, मग म्हणाला, "निदान चांगल्या दुकानातून काढायची, काकू. पेन्सिलीचं काहीच उठलेलं नाही." त्याचं बरोबर होतं. कॉलेज कॉर्नरला जाऊन पुन्हा काढून आणली.