एका वर्षाने हुकलेल्या तोफा

परवा शिवाजी पेठेतल्या एका वाड्यात मोडी कागद वाचायला गेलो होतो. घरातले पूर्वज कोल्हापूर दरबारातर्फे मालवणला कारकून. रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) सोडणं, कसर झटकणं, पानं सरळ करणं यातच दुपार गेली.

चौथ्या रुमालात राजकोटच्या मोर्च्यावरच्या (तोफा मांडायच्या जागेवरच्या) तोफांची याद, म्हणजे यादी, निघाली. सिंधुदुर्गासमोरच्या किनाऱ्यावरचा राजकोट किल्ला. जुन्यापैकी एक बुरूज काय तो शिल्लक. यादीला पूर्वीच्या कुणा अभ्यासकाची चिठ्ठी होती: ‘1813. नंतरची नक्कल. महत्त्व नाही.’

मालवण तर 1 ऑक्टोबर 1812 च्या तहानं कोल्हापूरकरांकडून इंग्रजांना गेलं, मग 1813 ची यादी आपल्या कारकुनाची कशी, असा त्यांचा हिशेब. पण मिती बघा: ‘छ 6 सवाल, सलास अशर मयातैन व अलफ’. ‘छ’ म्हणजे चंद्राची तारीख, ‘सवाल’ म्हणजे शव्वाल हा मुसलमानी महिना, पुढं अरबी आकडे: तीन, दहा, दोनशे, हजार. म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणारा शुहूर सन, 1213. इसवी सन काढायला त्या अभ्यासकानं सरसकट 600 मिळवले. शुहूर सन मृगाला बदलतो! जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, पुढं 600. आणि त्या वर्षी सवाल महिना ऑक्टोबरात आला होता. म्हणजे कागद ऑक्टोबर 1812 चा, तहाची शाई वाळते न वाळते तोच लिहिलेला. ही नक्कल नव्हे, ताबा देतानाची मोजदाद आहे असं मला वाटतं.

आठ-दहा दिवसांच्या वर्गात मोडी अक्षरं येतात, कालगणना कुणी शिकवत नाही. त्यापायी एक अख्खा मोर्चा रद्दीत पडून राहिला, याचा मला खरंच संताप आला.

यादी मी तीनदा वाचली. पंचरसी (मिश्रधातूच्या) वेगळ्या, लोखंडी वेगळ्या, गोळे शेरांच्या वजनानं. एका तोफेपुढं ‘कान (बत्ती द्यायचं भोक) झिजला’, दुसरीपुढं ‘गाडा मोडका’.

“ह्याच्या पुड्या बांधलेल्या की ओ आम्ही लहानपणी,” वाड्यातले काका म्हणाले. मला बोलवेना.

जुनी चिठ्ठी काढली नाही, शेजारी नवी लावली. डोक्यात मात्र तो कारकूनच आहे. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, तेव्हा पैसे मोजून सोडवता आला होता. या वेळी सगळं परक्याच्या हाती जाताना यानं कोणत्या तोफेचा गाडा मोडलाय तेही नीट लिहून ठेवलं.