व्हायझर नवा मिळतो, आवळून मात्र मिळत नाही

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील रस्ते सरळ आहेत, हे ऐकून कोल्हापुरातील मंडळींना हेवा वाटतो. पण त्या सरळपणाचा त्रास सकाळी आणि संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला भोगावा लागतो. अमेरिकेच्या 1785 च्या अध्यादेशाने जमीनमोजणीची जी पद्धत घालून दिली, तिच्यानुसार हा सगळा मुलूख चौरस मैलांच्या चौकटींत आखला गेला आणि गावाबाहेरचे बहुतेक रस्ते त्या चौकटींच्या कडेने नेमके पूर्व-पश्चिम किंवा दक्षिणोत्तर गेले. त्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाशीच उगवतो व मावळतो. संध्याकाळी पन्हाळ्याकडे जाताना वाघबीळच्या वळणावर ऊन डोळ्यांवर येते आणि पुढच्या वळणाला बाजूला होते. येथे ते मैलोन्मैल समोर ठाण मांडून बसते.

माझ्याकडे शेवरलेची जुनी पिकअप आहे, 1967 ते 1972 या काळात निघालेल्या पिढीतील. तिच्या चालकाच्या बाजूचा सन व्हायझर, म्हणजे ऊन अडवायला काचेवर खाली ओढायची फळी, वर लावला तर खड्ड्यात खाली येई आणि खाली घेतला तर पाहिजे तिथे न थांबता सगळी काचच झाकून टाकी. एवढ्याशा कामासाठी मी एका गॅरेजमध्ये गेलो. तेथील माणसाने अत्यंत सौजन्याने सांगितले की, ही वस्तू आम्ही दुरुस्त करत नाही, नवी जोडी मागवा, ती आली की बसवून देऊ. गाड्यांच्या कुशनचे काम करणाऱ्या दुसऱ्या दुकानात रेक्झिन बदलून मिळणार होते, पण आतल्या सळईला हात लावायला तेही तयार नव्हते. नकार इतक्या नम्रपणे दिला जातो की भांडायलाही जागा उरत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा प्रश्न दुकानाच्या आतसुद्धा गेला नसता. दारातच कोणीतरी पक्कड घेऊन पुढे आला असता, सळई काढून, पट्टी चेपून, परत बसवून मोकळा झाला असता आणि पैशांचे विचारल्यावर ‘चहा सांगा की’ म्हणाला असता. शेतातील पंपासाठी ऑइल इंजिने घडवणारे आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून मोटार कारखान्यांना कास्टिंग पुरवणारे हे गाव आहे. व्हायझर म्हणजे तेथे किरकोळ काम. हे मी येथील लोकांना आवर्जून सांगतो, आणि ते मान डोलावतात.

मात्र एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. अर्धशतक जुन्या या गाडीचा दाराचा रबर, काचेची पट्टी, कन्सोलचे बटण, अगदी व्हायझरचा ब्रॅकेटसुद्धा येथे कॅटलॉगमधून घरपोच येतो आणि मूळ भोकांत तंतोतंत बसतो. आपल्याकडे दसरा चौकात सोने लुटण्याच्या सोहळ्याला येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार जपली जाते, ती राजघराण्याची म्हणून. शेतकऱ्याच्या जुन्या जीपगाडीला मूळ भाग शोधायचा म्हटले तर भंगारबाजार पालथा घालावा लागतो आणि शेवटी दुसऱ्याच गाडीचा भाग घासून बसवावा लागतो. तरीही माझे म्हणणे असे की, नवी जोडी घेऊन प्रश्न सुटेलच असे नाही, कारण बिघाड पुष्कळदा व्हायझरमध्ये नसून ब्रॅकेटमध्ये असतो.

तो कोठे आहे हे पाहणे सोपे आहे. काटकोनात वाकवलेल्या सळईचे एक टोक छताला लावलेल्या ब्रॅकेटमध्ये असते आणि दुसरे व्हायझरच्या वरच्या कडेतून आडवे आत जाते. सळई बोटांनी घट्ट धरून व्हायझर फिरवावा. सळई स्थिर राहून व्हायझर सैल पडत असेल, तर आतल्या स्प्रिंग-पट्टीची पकड गेली आहे. सळईसह ब्रॅकेटच हलत असेल, तर स्क्रूंचे आटे गेले आहेत. येथे तेल मारण्याचा मोह आवरावा, कारण व्हायझर घर्षणावरच टिकतो आणि तेलाने तेच जाते.

माझ्या गाडीत दोन्ही दोष होते. पकडीसाठी सळई बाहेर काढून स्पिरिटने पुसली आणि तिच्यावर वायरिंगवाले वापरतात ती हीट श्रिंक नळी चढवून गरम हवेच्या गनने आवळली. ही नळी आतून गोंद नसलेली घ्यावी. उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ पडतो आणि पकड चिकट होते. एक थर देऊन पूर्ण थंड होऊ द्यावा, बसवून पाहावे, सैल वाटल्यासच दुसरा द्यावा. एकदम जाड केल्यास सळई आत शिरताना जुने हार्डबोर्ड आणि रेक्झिनची शिवण उसवते. उन्हाने रेक्झिन आधीच कडक झालेले असते, म्हणून सळई ओढताना व्हायझर पिळू नये.

ब्रॅकेटसाठी पत्र्यात बसणारे किंचित जाड स्क्रू लागले आणि ते मात्र मूळ लांबीचेच घेतले, कारण लांब स्क्रू छताच्या बाहेरच्या पत्र्याला आतून टेंगूळ आणतो. हार्डवेअरच्या दुकानात असे स्क्रू खणांतून सुटे मिळतात, आणि तेथील वयस्कर कर्मचाऱ्याने माझा जुना स्क्रू मोजपट्टीच्या भोकात घालून अचूक माप काढून दिले. त्याने ते काम माझ्याहून अधिक आस्थेने केले, हे लिहायलाच हवे. ज्यांच्या पत्र्यात भोकच फाकले असेल, त्यांनी रिव्हेट नट, म्हणजे पत्र्याच्या भोकात दाबून पक्का होणारा आट्यांचा नट, बसवून घ्यावा.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: डॉलरमध्ये कमावतोस, मग जुने धूड कशाला पाळतोस? नवी गाडी घेतली असती तर तिची दुरुस्ती माझ्या हाती राहिली नसती, असे मी त्यांना सांगतो. हप्ते किती पडले असते, ते सांगत नाही. उजवीकडचा व्हायझरही सैल आहे, पण त्या बाजूला क्वचितच कोणी बसते, म्हणून तो तूर्त तसाच ठेवला आहे. कोल्हापुरात ज्यांच्या दारात जुनी जीप किंवा टेम्पो उभा आहे, त्यांना ही नळी कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळेल. सळईच्या जाडीपेक्षा थोडी मोठी मागावी.