शिडी

मे महिन्यात वीज गेली की जालन्यातल्या आमच्या घरची टीव्हीसमोरची मंडळी ओसरीत येऊन बसतात आणि कपाटावरचा सापशिडीचा पट खाली उतरतो. पट मधोमध फाटल्यामुळे त्याला चिकटपट्टी लावली आहे. तिच्याखाली ४८ आणि ५३ हे आकडे अंदाजानेच ओळखावे लागतात. निळी सोंगटी हरवली, तेव्हापासून तिच्या जागी चिंचोका चालतो.

परवाच्या डावात धाकटी नात अंघोळ करून आली तोवर बाकीचे साठीच्या पुढे गेले होते. तिने चिंचोका मांडला, चार-पाच दानांत २८ वर पोहोचली आणि तिथल्या लांबलचक शिडीने थेट ८४ गाठून सगळ्यांच्या आधी डाव संपवला. थोरला नातू चिडला. "आबा, ही आत्ता आली! मी केव्हापासून खेळतोय!"

हे गाऱ्हाणे माझ्या ओळखीचे होते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २० व्या अध्यायात पहाटेपासून राबलेले मजूर हेच म्हणतात, कारण दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्यांनाही द्राक्षमळ्याचा धनी पूर्ण एक दीनार, म्हणजे दिवसभराची मजुरी, देतो. रविवारच्या शाळेत हा दाखला मी मोसंबीच्या बागेवर बेतून सांगतो. मुलांना मोसंबी ठाऊक, द्राक्षमळा नाही. कापसाच्या शेतावर मात्र तो बेतता येत नाही. एकदा तसे सांगून पाहिले, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाने सांगितले की त्याच्या आईला वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि उशिरा जाणाऱ्या बाईला कमीच मिळतात. मुलगा बरोबर होता. आपल्या सगळ्या व्यवहारांत तराजू इतका पक्का बसलेला आहे की तराजू बाजूला ठेवणारा धनी आपल्याला आधी वेडाच वाटतो.

सापशिडीचीही एक गंमत आहे. हा खेळ मोक्षपट या नावाने ज्ञानेश्वरांनी रचला, असे परंपरा सांगते आणि त्यांचे आपेगाव आमच्याच मराठवाड्यात, पैठणजवळ गोदाकाठी आहे. जुन्या पटांवर शिडीच्या पायाशी सद्गुणाचे आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुणाचे नाव असे. म्हणजे तिथली शिडी कमाईची होती. आमच्या बाजारातल्या पटावर नुसते आकडे आहेत. २८ च्या घरात नातीने कोणते पुण्य केले होते, हे कोणी विचारत नाही. शिडी होती म्हणून ती चढली. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ज्याला कृपा म्हणतात, तिचे इतके सोपे चित्र मला कोणत्याही प्रवचनात सापडलेले नाही. अर्थात हे फार ताणू नये. फासा आंधळा असतो आणि ज्या देवाची आम्ही उपासना करतो तो आंधळा नाही. शिवाय जेवणातल्या मिठापासून क्रिकेटच्या धावबादपर्यंत प्रत्येक गोष्टीतून बोध काढणाऱ्या माणसाजवळ घरचे लोक फार वेळ बसत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

म्हणून नातवाला मी दाखला सांगितला नाही, "दुसरा डाव मांड" इतकेच म्हणालो.

त्या डावात मी ९४ वर होतो आणि ९८ वर साप होता. माझे दान चार पडले. मी सोंगटी उचलली, बोलत बोलत पाच घरे मोजली आणि ९९ वर ठेवली. ज्याने रविवारी मुलांना खरे बोलण्याविषयी पाऊण तास सांगितले होते, त्याच माणसाचा तो हात होता. नातवाचे लक्ष पंख्याकडे होते. नात मात्र माझ्या सोंगटीकडे पाहत होती. तिने एकदा ९८ कडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि फासा उचलून भावाच्या हातात दिला.

"दादा, तुझी पाळी," ती म्हणाली.