आठनंतर स्वयंपाकघर बंद

सोळा-आठ, म्हणजे दिवसातले सोळा तास उपाशी आणि उरलेल्या आठ तासांतच खाणं, सुरू केल्यापासून ऑफिसात सगळे एकच विचारतात, "एवढा वेळ उपाशी राहवतं कसं गं?" अगं, त्यातले सात तास झोपेतच जातात! पहिलं जेवण दुपारी बाराला, डब्यातलं. शेवटचं रात्री आठच्या आत, कारण फोर्टहून डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. जड गेला तो सकाळचा चहा. दूध-साखर पोटात गेली की उपवास मोडला, आणि कोरा चहा मला अजूनही काढ्यासारखा लागतो.

जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, तोवर चरबी साठ्यातच राहते. बरेच तास काही खाल्लं नाही की इन्सुलिन उतरतं, यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी होत जातं आणि शरीर चरबी जास्त वापरू लागतं. म्हणून घड्याळानेच चरबी जळते असं मात्र नाही. चीनमधल्या ग्वांगझूला 139 लठ्ठ माणसांवर झालेला अभ्यास 2022 साली छापून आला. सगळ्यांना वर्षभर कॅलरी सारख्याच कमी करायला लावल्या. त्यातल्या साधारण निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्यातच खायचं. त्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, बाकीच्यांचं 6.3. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नव्हता.

माझ्या बाबतीत गेलं ते रात्रीचं खाणं. मालिका बघता बघता चिवड्याचा डबा, लेकाच्या ताटात उरलेला भात, फ्रिजमधला एखादा गुलाबजाम. कॅलरी मोजत बसणं मला जन्मात जमणार नाही. आठ वाजले हे कळतं.

नुसतं वजन उतरून भागत नाही. 2020 च्या एका अमेरिकन चाचणीत सोळा-आठवाल्यांच्या उतरलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायू वगैरेच जास्त निघाले. तेव्हापासून डब्यात एक पोळी कमी, मटकीची उसळ दुप्पट, संध्याकाळी अंडी, आणि घरी डंबेल्स. काट्यापेक्षा माझा भरवसा टेपवर: कंबर उतरतेय, ब्लाउजला आतून शिवण घालून झाली.

सासूबाईंनाही हुरूप आला होता. पण त्यांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत, उपाशीपोटी साखर एकदम खाली यायची. त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारायचं ठरलंय.

एकादशीची पंचाईत वेगळीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर तूप, दाण्याचं कूट, बटाटा. तरी खिचडी मी सोडणार नाही. फक्त बारानंतर, आणि एकच वाटी.