तुम्ही विचारलंत म्हणून : प्लेटलेट्स इतक्या कमी, तरी रक्तस्राव का होत नाही?

गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियाचा अहवाल हाती पडला की कुत्र्याचे पालक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात : "डॉक्टर, प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या आहेत, आता रक्तस्राव होणार का?" निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 2 ते 5 लाख प्लेटलेट्स असतात, तेव्हा ही काळजी रास्तच आहे. तरीही केवळ बबेसिया असलेल्या बहुसंख्य कुत्र्यांना एवढ्या घसरणीतही रक्तस्राव होत नाही.

बबेसिया हा तांबड्या पेशींत वाढणारा एकपेशीय परजीवी आहे. तो प्लेटलेट्समध्ये शिरत नाही. मात्र त्याच्यामुळे चेतलेली प्रतिकारशक्ती प्लेटलेट्सचाही नाश करते, सुजलेली प्लीहा त्यांना अडवून ठेवते आणि काही प्लेटलेट्स बारीक रक्तवाहिन्यांत खर्ची पडतात. ही घट इतकी नेमाने आढळते की तापलेल्या कुत्र्याच्या प्लेटलेट्स अगदी व्यवस्थित असतील, तर मी बबेसियाचे निदान पुन्हा तपासतो. अस्थिमज्जा मात्र शाबूत असते आणि ती भराभर नव्या प्लेटलेट्स सोडते. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पातळ कडेला या तरुण प्लेटलेट्स दिसतात. काही तर जवळजवळ तांबड्या पेशीएवढ्या असतात. त्या संख्येने कमी असल्या तरी कामाला जोमदार असतात. यंत्र अशा मोठ्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या प्लेटलेट्स अनेकदा मोजतच नाही, म्हणून काचपट्टी न पाहता नुसत्या आकड्यावर निर्णय घेणे मला पटत नाही. शिवाय दाह वाढला की यकृत फायब्रिनोजेन हे गुठळीचे मुख्य प्रथिन जास्त प्रमाणात तयार करते. या दोन्ही गोष्टींमुळे प्लेटलेट्स कमी असूनही गुठळी बऱ्याचदा पुरेशी घट्ट बनते.

मला खरी धास्ती असते ती रक्त नको तिथे गोठण्याची. आजार तीव्र झाला की रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते, गोठण्याला आवर घालणारे अँटिथ्रॉम्बिन घटते आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, मेंदू यांच्या सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या अडकू लागतात. त्या वेळी रक्तात डी-डायमर, म्हणजे गुठळ्या विरघळताना सुटणारे तुकडे, वाढलेले सापडतात. गोठण्याचे घटक असे वापरून संपत आले की पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्यांचा वेळ लांबतो, फायब्रिनोजेन उतरते आणि मग मात्र रक्तस्राव सुरू होऊ शकतो. म्हणून इतका दाह असताना फायब्रिनोजेन 'नॉर्मल' आले, तरी मी निर्धास्त होत नाही. आफ्रिकेतली बबेसिया रोसी ही जात या बाबतीत फार घातक आहे; तपकिरी गोचिडाने पसरणारी बबेसिया वोगेली प्रौढ कुत्र्यांत सहसा सौम्य असते.

हाच तपकिरी गोचीड एर्लिकिया हा जिवाणूही पसरवतो आणि दोन्ही आजार एकाच वेळी होऊ शकतात. एर्लिकियात प्लेटलेट्सचे कामही बिघडते आणि जुनाट आजारात अस्थिमज्जा थकते, त्यामुळे नाकातून रक्त आले की मी आधी एर्लिकिया शोधतो.

प्लेटलेट्स चढवण्याची गरज क्वचितच पडते, कारण चढवलेल्या प्लेटलेट्सही त्याच रीतीने नष्ट होतात. रक्त द्यावे लागते ते बहुधा तांबड्या पेशी फार घटल्यामुळे. परजीवीवरचे औषध लागू पडले की प्लेटलेट्स बऱ्याचदा आठवडाभरात सावरतात. हे औषध रोसी, वोगेली अशा आकाराने मोठ्या बबेसियासाठी इमिडोकार्ब असते, तर गिब्सोनाय या लहान जातीसाठी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र देतात. दरम्यान तापासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी कृपया देऊ नका; अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी प्लेटलेट्सचे उरलेले कामही बिघडते. रोज ओठ उचलून हिरड्या पाहा, पोटाचे केस बाजूला सारून त्वचा पाहा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, डांबरासारखी काळी शी, धाप, लघवी कमी होणे किंवा चालताना तोल जाणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा.