तुम्ही विचारलंत म्हणून : अपाची लोक खायचे तरी काय?

अपाची म्हटलं की आपल्याकडे आधी मोटारसायकल आठवते, मग हेलिकॉप्टर, आणि सगळ्यात शेवटी घोड्यावरून बंदूक रोखणारा माणूस. त्या माणसाबद्दल बोलणं निघालं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच: "अहो, पण त्या उजाड वाळवंटात ते खायचे काय? लुटीवरच जगायचे ना?"

एका शब्दात सांगायचं तर घायपात. आपल्या बांधावर नि रेल्वेच्या कडेला उभी असते तिच्याच भावकीतली.

आधी "उजाड"चं बघू. अपाचींचा मुलूख म्हणजे आजचं न्यू मेक्सिको, अॅरिझोना, टेक्सासची पश्चिम बाजू आणि मेक्सिकोतला सोनोरा-चिवावाचा उत्तर भाग. खाली निवडुंग आणि मेस्कीटची काटेरी झाडं, जरा वर ओक आणि जुनिपर, त्याच्याही वर पाइनचं रान. एकाच डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दर महिन्याला काहीतरी तयार होत असतं. माणसं त्याच्या मागे वर-खाली सरकत राहायची, आणि या सरकण्याला पक्कं वेळापत्रक होतं.

शिवाय अपाची ही एक जमात नाही. मेस्कलेरो, चिरिकावा, हिकारिया, लिपान, शिवाय व्हाइट माउंटन, सिबिक्यू, सान कार्लोस, टोंटो हे पश्चिमेकडचे गट. त्यांच्या भाषा अथाबास्कन कुळातल्या, आणि या कुळातले बाकीचे बरेच लोक पार वर कॅनडा-अलास्कात. यातलं मेस्कलेरो हे नाव स्पॅनिशांनी ठेवलं, मेस्कालवरून. मेस्काल म्हणजे घायपात, आणि तिचा भाजलेला गड्डाही. त्या नावाची दारू पुढे प्रसिद्ध झाली, पण इथे गोष्ट खाण्याची आहे. मेस्कलिन नावाचं नशेचं द्रव्य तर पेयोटी या वेगळ्याच निवडुंगातलं; नावाच्या सारखेपणामुळे लोक ते घायपातीच्या गळ्यात मारतात.

घायपात बरीच वर्षं, कधी वीस-पंचवीस, नुसती पानं वाढवत बसते आणि मरण्याआधी एकदाच फुलते. त्या एका फुलोऱ्यासाठी साठवलेला सगळा ऐवज मधल्या गड्ड्यात असतो. म्हणून सगळी मेख वेळेत. वसंत सरता सरता, मे-जूनच्या सुमाराला, मधला कोंब फुगतो आणि दांडा बाहेर पडण्याच्या बेतात असतो, तेव्हाच झाड घ्यायचं. आधी घेतलं तर गोडी नसते. दांडा वर गेला की गड्ड्यातला ऐवज त्याच्याबरोबर वर जातो आणि खाली उरतं चिपाड. सगळीच झाडं एका वर्षी फुलत नाहीत, त्यामुळे डोंगरभर हिंडून नेमकी झाडं हेरावी लागतात. हे काम बायकांचं. बुडाशी पिल्लं फुटलेली असतात; ती तशीच राहू द्यायची, म्हणजे जागा पुन्हा भरते.

झाड उपटायला ओकची काठी, टोक छिन्नीसारखं चपटं केलेलं. ती बुडाशी मुळावर तिरकी धरून वरून दगडाने ठोकायची आणि पहारीसारखी दाबून गड्डा उचकटायचा. मग रुंद पात्याच्या सुरीने पानं छाटायची. एक-दोन पानं ठेवली तर गड्डे एकमेकांना बांधून न्यायला बरी पडतात. छाटलेला गड्डा पांढरा, पानांच्या बुडख्यांनी वेढलेला, थोराड कोबीसारखा दिसतो. छाटताना उडणारा रस अंगावर आला तर कातडीची आग होते. त्यात सुईसारखे बारीक खडे असतात.

आता खड्डा. मेस्कलेरो आणि चिरिकावांकडची पद्धत अशी: १० ते १२ फूट रुंद, ३ ते ४ फूट खोल गोल खड्डा, तळाला मोठे सपाट दगड. मधल्या सर्वांत मोठ्या दगडावर काळ्या राखेने फुली काढायची. त्यावर आणखी दगड रचून वरची बाजू समतल करायची, आणि वर ओक-जुनिपरची लाकडं. सूर्य उगवायच्या आधी पेटवायचं. दुपारपर्यंत जाळ बसतो आणि दगड तापून तयार होतात. त्यावर ओलं गवत. मडक्यात शेंगा भाजायच्या आपल्या पोपटीत भांबुर्ड्याचा पाला जे करतो तेच काम इथे गवताचं: वाफ देणं, आणि माल थेट दगडाला चिकटून करपू न देणं.

गड्डे टाकण्याआधी त्यातला सर्वांत मोठा निवडून त्यावर पाणकणसाच्या पिवळ्या परागाने फुली काढतात, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण, आणि प्रार्थना करतात. मग हजर असलेलं सर्वांत लहान मूल खड्ड्याच्या पूर्वेच्या काठावर उभं राहून चार दगड आत टाकतं. चार हा त्यांचा शुभ आकडा. त्यानंतर सगळे गड्डे आत, त्यावर बेअरग्रास नावाच्या झुडपाची लांब चिवट पानं (ती सहज पेट घेत नाहीत) आणि वर मातीचा जाड थर.

या मातीपाशी खरी कसोटी. कुठूनही वाफेचा धूर निघताना दिसला की तिथे लगेच माती ओढायची. वाफ बाहेर येते तिथून हवा आत जाते, निखारा पुन्हा धरतो, आणि तेवढ्या भागाचा कोळसा होतो. गवत कमी पडलं तर खालचे गड्डे करपतात. दगड नदीतले, पाणी मुरलेले असतील तर तापताना फुटतात, कधी तुकडा उडून जखम करतो. आणि घाई केली तर गाभा फिकट राहतो, कडू लागतो, घसा खाजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा थोडा उघडून एक गड्डा चाखून बघतात, पुन्हा बुजवतात, आणि बाकीचे काढतात ते थेट त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी. एवढा वेळ कशाला? कच्च्या गड्ड्यात साखर असते ती लांब साखळ्यांच्या रूपात, पोटाला न पचणारी. सावकाश, ओल्या धगीत त्या साखळ्या तुटतात आणि गोड फळसाखर सुटी होते. झटपट जाळ करून हे होत नाही.

नीट झालेला मेस्काल तपकिरी, चिकट, काकवी नि रताळ्याच्या मधल्या चवीचा. धागे गिळायचे नसतात. चघळून चोथा थुंकायचा. पण खरी दौलत पुढे आहे. मऊ गाभा दगडाने कुटून पातळ थापायचा, उन्हात वाळवायचा, वरून त्याचाच रस फिरवायचा. आपली आंबापोळी डोळ्यांसमोर आणा. ही पोळी महिनोन्‌महिने टिकते, गुंडाळून नेता येते, आणि पाण्यात भिजवली की पेय होतं.

बाकी खाणं थोडक्यात. उन्हाळ्यात एमरी ओकची फळं; यांच्यात कडवटपणा कमी, म्हणून पाण्यात धूत बसावं लागत नाही. पश्चिमेकडच्या अपाचींकडे त्यांचं कूट घातलेला मांसाचा रस्सा आजही समारंभात लागतोच. मग मेस्कीटच्या शेंगा, निवडुंगाची बोंडं, यक्का या लांब पात्यांच्या झुडपाची फळं, शरदात पिन्यन या बुटक्या पाइनच्या बिया. हरणाची शिकार. काही गटांची मक्याची छोटी शेतीही. मासे मात्र सहसा वर्ज्य, आणि अस्वलही.

खाण्याच्या गोष्टीत पाणी नेण्याची टोपली आणली की लोक हसतात. टोपलीत पाणी? हो. तुस म्हणतात तिला. निमुळत्या गळ्याची घट्ट विणलेली टोपली. तिला कुटलेला जुनिपरचा पाला आणि गेरू चोळून भेगा बुजवायच्या, मग पिन्यनचा तापलेला डिंक आतून-बाहेरून फिरवायचा. मडकं डोंगर उतरताना फुटतं, तुस फुटत नाही. घरही बायकाच बांधायच्या: ओक किंवा विलोच्या ओल्या काठ्या फूटभर अंतराने रोवून, वर यक्काच्या पानांनी बांधून, गवताच्या पेंढ्यांनी शाकारलेलं. सुमारे आठ फूट रुंद घराला तीन दिवस लागायचे. लग्नानंतर जावई सासुरवाडीला यायचा आणि सासूच्या समोर कधी जायचा नाही. तंबू म्हणून आपण जे चित्र बघतो तो टिपी. तो मुख्यतः रानरेड्यांच्या (बायसनच्या) मैदानाकडे जाणाऱ्या मेस्कलेरो-हिकारियांसारख्या गटांचा.

आता लूट. ती होती, लपवण्यासारखं काही नाही. पण पश्चिमी अपाचींमध्ये गुरं आणायला जाणं आणि सूड घ्यायला जाणं यांना वेगवेगळे शब्द आहेत. पहिल्यात मोजकी माणसं, पाच ते पंधरा, आणि शक्यतो कोणाच्या नजरेस न पडता परत यायचं. साठा संपत आला की अशी टोळी निघायची. म्हणजे जनावरं ही भर होती. चूल चालायची ती गोळा केलेल्या अन्नावर, शिकारीवर आणि थोड्या शेतीवर.

अमेरिकन सैन्याला हे नीट कळलं होतं. माणसं डोंगरात सापडत नाहीत, पण साठे सापडतात. १८७२-७३ मध्ये जनरल क्रूकच्या तुकड्यांनी अॅरिझोनातल्या टोंटो खोऱ्यात वस्त्या आणि त्यातलं धान्य-मेस्काल जाळलं, तेही ऐन हिवाळ्यात. त्याआधीचा प्रसंग याहून वाईट. १८७१ मध्ये पश्चिमेकडचाच एक गट, अरावाइपा अपाची, अॅरिझोनातल्या कॅम्प ग्रँटच्या लष्करी ठाण्याजवळ शरण येऊन राहिले होते. ठाण्यासाठी गवत कापायचे, परवानगीने घायपात भाजायला जायचे. ३० एप्रिलच्या पहाटे टूसॉन शहराहून आलेल्या अमेरिकन, मेक्सिकन आणि तोहोनो ओओधाम या शेजारच्या जमातीच्या लोकांच्या जमावाने शंभराहून अधिक जणांना मारलं, बहुतेक बायका-मुलं. खटला झाला, ज्युरीने १९ मिनिटांत सगळ्यांना सोडलं. चिरिकावांचा लढवय्या पुढारी जेरोनिमो याची शरणागती ४ सप्टेंबर १८८६ची, आणि त्यानंतर चिरिकावा लोक १९१३ पर्यंत युद्धकैदी राहिले: फ्लोरिडा, अलाबामा, मग ओक्लाहोमातलं फोर्ट सिल. त्यात पुढे जन्मलेली मुलंही कैदीच.

भाजणं थांबलेलं नाही. मेस्कलेरो आजही खड्डे लावतात. मुलगी वयात आल्यावरच्या चार दिवसांच्या सोहळ्याच्या जेवणातही मेस्काल असतो. फुलून वाळलेल्या दांड्यालाही काम आहे: तो पोकळ करून, घोड्याच्या केसाची एखादी तार लावून अपाची फिडल हे व्हायोलिनसारखं वाद्य होतं.

आणि यानंतरचा प्रश्नही ठरलेला: "मग आपली बांधावरची का नाही भाजायची?" नका. आपल्याकडे लावलेली घायपात, कुठे केकताड म्हणतात ती, बहुतेक वाखासाठी आणि कुंपणासाठी आणलेली. कोणती जात खाण्याजोगी हे नुसतं बघून सांगता येत नाही. वाख काढणाऱ्या कोणालाही विचारा, नुसत्या रसाने हात किती खाजतात ते.