पत्त्याची बाजू

संक्रांतीनंतरचा रविवार जवळ आला की माझा हात आपोआप कपाटातल्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्याकडे जातो. मी वाईच्या पोस्टात बरीच वर्षं काउंटरला होते. आमच्या वाचन मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला कोरी कार्डं आणायचं काम तेव्हा माझ्याकडे आलं. निवृत्त झाले तरी ते मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

मेळावा तसा लहानच. पंचवीस-तीस माणसं, घाटाजवळच्या एका शाळेचा वर्ग, बाक भिंतीला सारून मध्ये अंथरलेल्या सतरंज्या. तिळगुळाचा डबा फिरत असतो. कोपऱ्यात स्ट्रॉबेरीचं खोकं असतं, ते भिलारहून येतं, आणि भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं 2017 साली, त्याच्या कितीतरी आधीपासून येतं. दारातून नदीवरचा गारवा आत येतो आणि म्हातारी मंडळी कानटोप्या काढत नाहीत. येणारा प्रत्येक जण बरोबर एक कादंबरी घेऊन येतो. ती छापलेली नसते. कुणाची वहीत अर्धी झालेली, कुणाची पूर्ण होऊन पिशवीत पडून असलेली, कुणाची अजून नुसती डोक्यात. ती त्या दिवशी एका पोस्टकार्डावर बसवायची, वाचून दाखवायची आणि लोक काय म्हणतात ते ऐकायचं. एवढ्याचसाठी आम्ही वर्षभर वाट पाहतो.

कार्डाची कल्पना नानांची. नाना म्हणजे आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक. मराठी विश्वकोशाचं काम जिथं चालतं त्या आमच्या गावात दुसऱ्याचं लिखाण डोळ्यांत तेल घालून वाचणारी जी पिढी होऊन गेली, त्यांतले ते एक. पहिल्या एक-दोन मेळाव्यांत लोक आपल्या कादंबरीबद्दल बोलायला उभे राहायचे आणि तीन पिढ्या, दोन गावं, चार लग्नं सांगून होईपर्यंत दुपार कलायची. शेवटी नाना म्हणाले, "कार्डावर मावेल तेवढंच. चौदा सेंटिमीटर बाय नऊ. टपाल खात्यानं आखून दिलंय, आपण वाद घालायचा नाही." बारीक अक्षर काढलं तर शंभर-सव्वाशे शब्द बसतात. मंडळात त्याला गोषवारा किंवा कथासूत्र असं कुणी म्हणत नाही. 'तुझं कार्ड झालं का?' असंच विचारतात.

कार्डाला दोन बाजू असतात, हे माझ्या लक्षात आलं आणि त्याचा मला अजून आनंद वाटतो. मजकूर मागच्या बाजूला. मग पत्त्याच्या बाजूला काय? मी सुचवलं, तिथं ही कादंबरी कुणासाठी आहे त्याचा पत्ता लिहायचा. नाव-गाव नको, माणूस लिहायचा. एका गृहस्थांनी लिहिलं, 'सर्व रसिक वाचक.' मी त्यांना म्हटलं, "काका, या पत्त्यावर टपाल पोचत नाही हो." ते थोडा वेळ कार्डाकडे बघत बसले आणि मग खाली लिहिलं, 'ज्यानं बापाशी दहा वर्षं अबोला धरलाय तो.' सगळा वर्ग शांत झाला. त्या एका ओळीमुळे त्यांच्या मागच्या बाजूच्या निम्म्या मजकुराची गरज उरली नाही.

ऐकण्याची रीत हळूहळू बसत गेली. कार्ड दोनदा वाचायचं. पहिल्यांदा सगळ्यांनी नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा वाचून झालं की लेखकाच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा. तांब्या हातात असेपर्यंत त्यानं पाणी प्यावं, बोलू नये. मग एकेकानं सांगायचं, 'मला काय ऐकू आलं.' आवडलं-नावडलं नंतर. आधी, या कार्डातून माझ्यापर्यंत कुठली गोष्ट पोचली, ते. ही रीत वरवर साधी दिसते, पण लेखकाच्या डोक्यातली कादंबरी आणि ऐकणाऱ्याच्या कानात शिरलेली कादंबरी यांत केवढी दरी असते ते तिथं बसल्याशिवाय कळत नाही. 'नाही नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य ओठावर येतं आणि हातात तांब्या असतो. छापलेल्या पुस्तकाबरोबर लेखक घरोघर समजावायला जात नाही, तेव्हा इथंही समजावायचं नाही, असं नाना सांगत.

दर वर्षी सुरुवातीला नाना 1878 सालची आठवण काढत. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, आज आपण ज्याला साहित्य संमेलन म्हणतो त्याची ती सुरुवात. मग ते 'सत्यकथे'वर येत. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून, मजकूर परत पाठवून, पुन्हा पुन्हा लिहायला लावत, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. 1982 साली ते मासिक बंद पडलं. "आता आपल्याला परत पाठवणारं कुणी नाही, तर आपणच एकमेकांना परत पाठवायचं," असं म्हणून ते पहिलं कार्ड मागत. वाक्य दर वर्षी तेच, पण मला ते कधीच जुनं वाटलं नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक भाऊ पानिपतावर लिहीत होते. पानिपत 14 जानेवारी 1761 चं, आणि आमचा मेळावा त्याच आठवड्यात, त्यामुळे त्यांना तो आपल्याच कादंबरीचा सोहळा वाटायचा. त्यांच्या पहिल्या कार्डावर सतरा नावं होती. मी मोजली. सरदार, त्यांचे दिवाण, नजीबखान, अब्दाली, वकील, सगळे. काय ऐकू आलं विचारल्यावर कुणालाच धड सांगता येईना, जो तो आपल्याला आधीपासून माहीत असलेलं पानिपतच सांगू लागला. दुसऱ्या वर्षी नऊ नावं. तिसऱ्या वर्षी आमच्यातल्या एक काकू, ज्यांनी इतिहासाचं फारसं वाचलेलं नव्हतं, म्हणाल्या, "भाऊ, त्या लष्कराबरोबर बायकाही होत्या म्हणता. मग त्यांना बांगड्या कोण भरत होतं?" भाऊंनी तांब्या खाली ठेवला, वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. पुढच्या संक्रांतीला कार्डावर एकच माणूस होता, बुणग्यांबरोबर, म्हणजे लष्करामागच्या न लढणाऱ्या लोकांबरोबर, चाललेला एक कासार. ज्यांना त्यानं बांगड्या भरल्या त्यांच्याकडूनच त्या परत उतरवल्या जाताना पाहणारा. मागची सगळी लढाई तीच होती, पण आता ती आम्हांला दिसली.

एका तरुण शिक्षकाचं कार्ड ऊसतोडीवरचं होतं. त्यानं लिहिलं होतं की मुकादमाची उचल फेडण्यासाठी नायक टोळीबरोबर निघतो. कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या एका ताईंनी विचारलं, "एकटाच निघतो? कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा गेला तर अर्धा कोयता, उचलही अर्धी. बायको कुठाय?" त्याच्या कादंबरीत बायको होती, चाळीस पानं होती तिच्यावर. कार्डावर ती आली नव्हती, कारण त्याला ती महत्त्वाची वाटली नव्हती. 'अर्धा कोयता' हेच पुढं त्याच्या पहिल्या प्रकरणाचं नाव झालं.

आता माझं. माझ्या आजीचं माहेर कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलं. शिवसागराखाली, म्हणजे त्या धरणाच्या जलाशयाखाली, गेलेल्या गावांतली माणसं कुठं कुठं पांगली, कुणी ठाण्याकडे, कुणी कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याकडे, कुणी सांगली-सोलापूरकडे. आजीकडून ऐकलेलं मनात साठलं होतं, तेच मी लिहीत होते. माझं पहिलं कार्ड मी अजून जपून ठेवलंय, त्यावरचा मजकूर असा: 'काळाच्या ओघात हरवलेल्या मुळांचा शोध घेणारी, विस्थापनाची वेदना आणि स्त्रीमनाची घालमेल टिपणारी ही तीन पिढ्यांची गाथा वाचकाला अंतर्मुख करते.' मला ते फार सुंदर वाटत होतं. वाचून झालं. तांब्या माझ्या हातात आला. एकेक जण म्हणत गेला, 'दुःख ऐकू आलं', 'पाणी ऐकू आलं'. एसटीत कंडक्टर असलेले एक काका शेवटी बसले होते. ते म्हणाले, "ताई, मला बाई ऐकू आली नाही. ही बाई माझ्या गाडीत चढली तर तिकीट कुठलं मागंल?"

मला उत्तर देता येत नव्हतं, नियमानं आणि खरोखरही. दोनशे पानं लिहून झाली होती आणि माझी बाई कुठं निघाली आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री मी घाटावरून घरी जाताना ढोल्या गणपतीपाशी थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "बामणोली, एक." ते शब्द माझ्या तोंडून आले तेव्हा मला रडू आलं.

पुढच्या वर्षीचं कार्ड: 'भागू साठीची आहे. दर उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरलं की ती बामणोलीचं तिकीट काढते, होडीनं पलीकडे जाते आणि उघड्या पडलेल्या गाळात आपल्या घराचं जोतं शोधते. जोत्याच्या उजव्या कोपऱ्यात, गाव सोडायच्या आदल्या रात्री तिनं काहीतरी पुरलंय. मुलानं बजावलंय, यंदा गेलीस तर परत घरात घेणार नाही. आणि यंदा पाणी कधी नव्हे एवढं उतरलंय.' पत्त्याच्या बाजूला मी लिहिलं, 'जिला माहेरचा रस्ता विचारायला कुणी उरलं नाही ती.'

वर्ग हलला, हे मला कळलं. कंडक्टरकाकांनी बोटांनी तिकीट फाडल्याची खूण केली. पण नानांनी चष्मा काढून विचारलं, "काय पुरलंय ते तुम्हाला माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. कार्ड चांगलं व्हावं म्हणून मी ते लिहिलं होतं, कादंबरीत तसं काही पुरलेलंच नव्हतं. नानांना ते कार्डाच्या वाक्यावरून कळलं. 'काहीतरी' या शब्दावर त्यांचं बोट होतं. वाचकाला शब्द दिला की तो पाळायला लागतो. मी घरी गेले आणि सहा महिने फक्त तो कोपरा खणत बसले. काय सापडलं ते इथं सांगत नाही, पण त्यामुळे कादंबरीचा दुसरा अर्धा भाग नव्यानं लिहावा लागला.

एक वर्ष मात्र आठवलं की अजून जीव तुटतो. बाहेरून एक पाहुणे बोलावले होते, नावाजलेले. झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीनं पहिल्यांदाच कार्ड आणलं होतं. तिनं वाचलं तेव्हा आवाज कापत होता. पाहुण्यांनी ऐकलं, कार्ड तिच्या हातातून घेतलं, दोन ओळी खोडल्या, वरती आपली एक ओळ लिहिली आणि "हे असं लिहायचं" म्हणून परत दिलं. त्यांची ओळ तिच्या ओळीपेक्षा सफाईदार होती. पण ती कादंबरी त्यांची झाली होती. मुलगी 'हो सर' म्हणाली. पुढच्या वर्षी ती आली नाही, त्यापुढेही नाही. मी दुकानात जाऊन दोनदा बोलावलं, ती हसून नको म्हणाली. मी त्या दिवशी तिच्या शेजारी बसले होते आणि गप्प राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हापासून कार्ड लिहिणाऱ्याच्या हातातून कुणी घ्यायचं नाही, आणि 'मी असतो तर असं लिहिलं असतं' हे वाक्य मंडळात बोलायचं नाही. दुसऱ्याची कादंबरी ऐकताना आपली तिच्यात शिरू न देणं हे मला स्वतःच्या टीकेपुढे गप्प बसण्यापेक्षा अवघड वाटतं. त्याला खरोखर प्रेम लागतं.

नवे लोक हल्ली विचारतात, प्रकाशकाला हेच कार्ड पाठवायचं का? तसंच नाही. प्रकाशकाला पाठवायच्या गोषवाऱ्यात शेवट सांगावा लागतो, तिथं उत्सुकता ताणून चालत नाही, त्याला घर बांधून झालंय का ते बघायचं असतं. मलपृष्ठावरचा मजकूर वाचकासाठी, तिथं शेवट सांगायचा नसतो. कार्ड या दोन्हींच्या आधीचं. पण ज्याचं कार्ड नीट झालं त्याला बाकीचे दोन्ही कागद लिहायला फार वेळ लागत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

यंदा नववीतली एक मुलगी आली होती, आईचं बोट सोडून एकटी पुढं बसली. तिचं कार्ड कृष्णाबाईच्या उत्सवावरचं होतं. नदीचा हा उत्सव आमच्याकडे एकामागून एक घाटांवर, आळीआळीनं होतो. एका घाटावरचा उत्सव संपतो, मांडव उतरतो, आणि मांडवाच्या कापडात गुंडाळलेलं एक तान्हं बाळ सापडतं. त्या आळीतली दहा वर्षांची पोर ठरवते की पुढच्या आळीचा उत्सव सुरू व्हायच्या आत त्याची आई शोधायची. पत्त्याच्या बाजूला लिहिलं होतं, 'माझी मैत्रीण, कारण तिला वाटतं की लहान मुलांना काही कळत नाही.'

दुसऱ्यांदा वाचून झालं. मी तिला सांगितलं मला काय ऐकू आलं: रिकामा घाट, उतरलेला मांडव, आणि मोठी माणसं हिशेबाला बसलेली असताना एकटीच नदीच्या कडेनं चाललेली ती पोर. मग विचारलं, "आई सापडली नाही तर त्या बाळाचं काय होणार, हे त्या पोरीला माहीत आहे का?"

तिचे डोळे मोठे झाले. ती सतरंजीवर गुडघ्यांवर उठली, हात पुढं करून सांगायला लागणार तेवढ्यात नानांनी, आता त्यांचा हात थरथरतो, दोन्ही हातांनी तांब्या धरून तिच्यापुढे केला. तिनं तो घेतला, एक घोट प्याली, आणि आमच्या सगळ्यांकडे बघत ओठ घट्ट मिटून घेतले.